ओट्याची उंची

सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधल्या.
शाफ्ट केसभर जाड निघाला
तरी बाजूला काढायचो, लाल खडूची फुली मारायचो.
मार्चमध्ये निवृत्त झालो. शाल मिळाली, नारळ मिळाला.
नारळ मंदाकिनीने खोवला.

तिची नोकरी अजून चार वर्षं आहे.
सकाळी साडेसहाला ती दिंडोरी नाक्यावर
बसची वाट बघत उभी असते, माझा डबा भरून ठेवून.
म्हणजे मी घरात, आणि तरी डबा.
एक वाजता उघडायचो, टीव्हीसमोर,
मग रिकामा करून मोरीत ठेवायचो,
ती संध्याकाळी येऊन घासेल म्हणून.

जूनमधल्या एका मंगळवारी फोन आला,
ढकांब्याला बस बंद पडलीय, आठ वाजतील,
बाहेरून काहीतरी आणा.
का कोण जाणे, नाही आणलं.
उडीद भाजले, लसूण सोलला,
आणि वीस मिनिटांत कंबर बोलायला लागली.
वाकून वाकून. ओटा माझ्या मांडीशी.
सवय जात नाही; टेप काढली.
तीस इंच.

मग आठवलं.
सत्त्याण्णव साली, मखमलाबाद रोडला हे घर बांधताना
भागवत गवंडी म्हणाला होता, साहेब, ओटा केवढा घेऊ?
मी मंदाला वाळूच्या ढिगाशेजारी उभं केलं,
कोपर दुमडायला लावलं,
तिथून सहा इंच खाली भिंतीवर खूण केली.
केवढा अभिमान वाटला होता!
लोक सगळं गवंड्यावर सोडतात,
मी बायकोचं माप घेतलं.

माझंही घ्यावं
हे मला सुचलं नाही.
भागवतला नाही.
तिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ती चपला काढत होती तेव्हा म्हणालो,
आजपासून तुला मदत करत जाईन.
ती म्हणाली, मदत?
मग काम कुणाचं आहे?
आणि हात धुवायला गेली.

बुधवारी गंगेवरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो.
भाजीवालीने विचारलं, काकूंना बरं नाही का?
जॉगिंग ट्रॅकवर बोरस्ते भेटला, पिशवीत डोकावला,
वहिनी माहेरी गेल्या वाटतं?
म्हटलं, नाही रे, सगळे ठणठणीत आहोत.
त्याला ते पटलं नाही.

मीठ किती घालू? अंदाजाने.
पाणी? अंदाजानेच.
हिचा हा अंदाज मी आयुष्यभर खाल्ला
आणि त्यावरही फुली मारली:
आज जरा खारट झालंय.
आता कळतं,
ते माप कुठल्याच पट्टीवर नव्हतं,
ते रोज उभं राहून तिच्या बोटांत उतरलं होतं.

माझी पहिली बाजरीची भाकरी कडेने फाटली,
थापताना, मग तव्यावर पुन्हा.
रिजेक्ट, मी म्हणालो.
मंदाने तीच ताटात ओढली,
वर घुटं ओतलं,
म्हणाली, कुस्करल्यावर सगळ्या सारख्याच.

आता सकाळचं माझ्याकडे, रात्रीचं ठरलेलं नाही,
कधी ती, कधी मी, कधी दोघं भांडतो फोडणीवरून.
ओट्याजवळ मी एक उंच पाट टाकलाय, त्यावर परात ठेवतो.
कंबर तरी धरतेच.
तिची कधी धरत होती का,
हे मी विचारलं. ती हसली फक्त.

काल हर्षलचा फोन आला पाथर्डी फाट्याहून.
नव्या फ्लॅटचं काम निघालंय, लग्न डिसेंबरात.
बाबा, ओट्याची उंची किती सांगू मिस्त्रीला?
तेजलचं माप घेतलंय.
म्हटलं, तूही उभा राहा.
थोड्या वेळाने पुन्हा फोन:
अहो, जमत नाहीये, दोघांत पाच इंचांचा फरक येतोय.
मग मधलं काहीतरी धर, म्हटलं.
मधलं धरलं तर दोघांचंही दुखेल.

दुखू दे थोडं दोघांचंही.
ठेव आता,
माझा कुकर होतोय.